एकशे अठ्ठेचाळीस ओळी: रिकाम्या जागांनी विभागलेल्या फाइली सीएसव्हीत नेताना

काम ऐकायला दहा मिनिटांचे होते. हवामानाच्या नोंदींच्या ३६ मजकूर फाइली, महिन्याला एक याप्रमाणे २०१७ ते २०१९ अशा तीन वर्षांच्या. सात केंद्रे, आणि प्रत्येक केंद्रावर दर तीन तासांनी एक नोंद. ओळीत आठ रकाने: तारीख, वेळ, केंद्राचा संकेतांक, केंद्राचे नाव, तापमान, आर्द्रता, दाब, वारा. दोन रकान्यांच्या मध्ये काही स्पेस, कुठे दोन, कुठे पंधरा. सहकारी म्हणाली, "सीएसव्ही करून दे, मग मी आलेख काढते." सीएसव्ही म्हणजे रकाने कॉमाने वेगळे केलेली साधी मजकूर फाइल. मी म्हणालो, जेवणाआधी देतो.

दिल्या, त्याही जेवणाआधी. पण त्या बरोबर नव्हत्या, हे कळायला आठवडा गेला.

पहिला प्रयत्न अगदीच भाबडा होता: सेड या शोधून बदलणाऱ्या कमांडने प्रत्येक स्पेसच्या जागी कॉमा. ओळीत पंधरा स्पेस सलग असतील तर पंधरा कॉमे, म्हणजे चौदा रिकामे रकाने. हा प्रयत्न मोजायचाही नाही. दुसऱ्यात 'एक किंवा अधिक स्पेस म्हणजे एक कॉमा' असा नियम केला. पहिली वीस पाने छान दिसली. तिसरा प्रयत्न म्हणून ऑककडे गेलो, कारण हे काम ती भाषा जन्मापासून करते. एहो, वाइनबर्गर आणि कर्निगन या तिघांनी १९७७ मध्ये बेल लॅब्जमध्ये ऑक लिहिली, तेव्हापासून तिचा न सांगितलेला नियम हाच आहे: स्पेस आणि टॅब यांचा कितीही लांब पट्टा म्हणजे एक विभाजक, आणि ओळीच्या सुरुवातीचे-शेवटचे रिकामेपण सोडून द्यायचे. बाहेर पडतानाचा विभाजक कॉमा ठरवायचा, आणि पहिला रकाना त्यालाच पुन्हा नेमून द्यायचा, म्हणजे ऑक सगळी ओळ नव्याने जुळवते. ऑकमध्ये पहिला रकाना म्हणजे डॉलर-एक; तो 'डॉलर-एक बरोबर डॉलर-एक' तुकडा पाहून नवखा माणूस हमखास विचारतो की याने होते काय. तो नसेल तर ऑक ओळीला हातच लावत नाही, जशी आली तशी छापते.

इथवर सगळे ठीक. मी हातघाईचा असलो तरी रकाने मोजायची सवय आहे. प्रत्येक ओळीत किती रकाने पडले आणि तसे किती वेळा झाले, एवढाच तक्ता काढला:

७ रकाने – ६११ ओळी
८ रकाने – ४३,३३७ ओळी
९ रकाने – १७,३७२ ओळी

बेरीज ६१,३२०. तीन वर्षांचे १,०९५ दिवस, दिवसाला आठ नोंदी, सात केंद्रे. गुणाकार तेवढाच येतो. एकही ओळ हरवलेली नाही. मी खूश.

नऊ रकान्यांचे कारण लगेच सापडले. सातपैकी दोन केंद्रांची नावे दोन शब्दांची होती: 'उत्तर टेकडी' आणि 'पठार, पूर्व'. नावातल्या स्पेसने नावाचे दोन तुकडे केले. नियम केला: नऊ आले तर चौथा आणि पाचवा जोडून टाक. जोडताच 'पठार, पूर्व' मधला कॉमा आडवा आला आणि सीएसव्हीत पुन्हा नऊ रकाने झाले. म्हणून ऑक सोडून पायथन या भाषेवर आलो. पायथनच्या सीएसव्ही मॉड्यूलला हे शिष्टाचार ठाऊक आहेत: रकान्यात कॉमा, अवतरणचिन्ह किंवा ओळतोड असेल तर रकाना दुहेरी अवतरणात घालायचा, आतले अवतरण दोनदा लिहायचे. २००५ साली आरएफसी ४१८० या टिपणाने जी पद्धत लिहून काढली, तीच ही. कॉमा लावून स्वतः तुकडे जोडणारी स्क्रिप्ट आजही रोज कुठेतरी लिहिली जाते, आणि ती पहिल्या कॉमाच्या नावापर्यंतच टिकते.

सात रकान्यांच्या ओळी पाहिल्या. पहिल्या वीसही ओळींत आर्द्रता गायब होती. संवेदक बंद असला की त्या जागी नुसते रिकामे. नियम केला: सात आले तर सहाव्या जागी रिकामा रकाना घाल. फाइली पाठवल्या.

दुसऱ्या दिवशी निरोप आला: "तुझा वारा बघ." वारा सेकंदाला ९५१.२ मीटर, म्हणजे आवाजाच्या जवळजवळ तिप्पट वेग. सात रकान्यांच्या ६११ ओळींपैकी २३ ओळींत आर्द्रता नव्हे, वारा गायब होता. मी मधे रिकामी जागा घातल्यामुळे आर्द्रता दाबाच्या खुर्चीत बसली होती आणि दाब वाऱ्याच्या. शेवटचा आकडा पाचशेच्या वर असेल तर तो दाबच, म्हणून रिकामी जागा शेवटी, असा जोडनियम लावून मोकळा झालो. अशी चूक ओरडते, म्हणून लगेच सापडते.

गप्प चूक चार दिवसांनी सापडली, तीही तिलाच. विचारले एवढेच: "आर्द्रता दशांशात कधीपासून मोजायला लागलो आपण?" सगळ्या फाइलीत आर्द्रता पूर्णांकात: ८८, ९१, ७६. आणि काही ओळींत २४.३, १९.८, २६.१. आकडे अशक्य नाहीत, कोरड्या दुपारी आर्द्रता एवढी उतरू शकते. फक्त तो टिंब तिथे असायला नको होता.

केंद्रांच्या नावांची यादी काढली. सात केंद्रे, आणि नावे आठ. आठवे नाव: नुसते 'उत्तर'.

घडले होते ते असे. 'उत्तर टेकडी' या केंद्राच्या काही ओळींत आर्द्रता नव्हती. नावाने एक रकाना वाढवला, गायब आर्द्रतेने एक कमी केला. नऊ वजा एक, आठ. माझ्या तपासणीसाठी ही ओळ निरोगी. नावात 'उत्तर', तापमानात 'टेकडी', आर्द्रतेत खरे तापमान. त्यापुढे दाब आणि वारा आपापल्या जागी बरोबर, कारण दोन चुका तिथे एकमेकींना भेटून मिटल्या होत्या. तापमानाच्या रकान्यात 'टेकडी' हा शब्द आलेला कुणालाच का दिसला नाही? कारण 'आकडा नसेल ते रिकामे समज' हा पर्याय आयात करताना मीच लावला होता. १४८ तापमाने गेली आणि १४८ खोट्या आर्द्रता आल्या.

याहून जास्त लाजवणारी गोष्ट म्हणजे हे मला पहिल्या दिवशी, कागदावर कळू शकत होते. एका केंद्राच्या नोंदी ८,७६०. दोन शब्दांची नावे दोन, म्हणजे नऊ रकान्यांच्या ओळी १७,५२० असायला हव्या होत्या, होत्या १७,३७२. कमी १४८. उरलेल्या पाच केंद्रांच्या ४३,८०० ओळींतून सातवाल्या ६११ गेल्या की आठवाल्या उरतात ४३,१८९, होत्या ४३,३३७. जास्त १४८. तक्ता समोर होता. मी बेरीज केली, वजाबाकी केली नाही.

आता जोडनियम आणखी एक लावता आला असता: चौथा शब्द 'उत्तर' आणि पाचवा 'टेकडी' असेल तर वगैरे. पण एव्हाना तीन नियम झाले होते आणि तिन्ही एकाच रोगाची लक्षणे झाकत होते. मूळ प्रश्न आधी विचारायला हवा होता: या फाइलीतल्या स्पेस विभाजक आहेत की भरण?

दोन्ही फाइली डोळ्यांना सारख्याच दिसतात. एकीत स्पेस म्हणजे 'इथे रकाना संपला' अशी खूण. तिच्यात किती स्पेस आहेत याला अर्थ नाही, आणि रिकामा रकाना लिहिण्याची सोयही नाही. लिहिणाऱ्याला तिथे शून्य, उणे नऊशे नव्व्याण्णव किंवा एखादी रेघ घालावीच लागते. दुसरीत रकान्यांची रुंदी आधीच ठरलेली असते आणि स्पेस उरलेली जागा भरते. तिच्यात रिकाम्या जागेलाही अर्थ असतो. दुसऱ्या जातीच्या फाइलीला पहिल्या जातीचा नियम लावला की रिकामे रकाने मिटतात आणि बाकीचे डावीकडे सरकतात. उलट प्रकारही होतो: आकडा जागा पूर्ण भरतो आणि दोन रकाने चिकटतात. प्रोटीन डेटा बँक या प्रथिनांच्या रचनांच्या संग्रहाच्या जुन्या मजकूर फाइलींत अणूचे तीन निर्देशांक ३१ ते ३८, ३९ ते ४६ आणि ४७ ते ५४ या जागांवर ठरलेले असतात. तिथे -१००.००० असा आकडा आला की आठही जागा भरतात, शेजारच्या आकड्याशी मध्ये एक स्पेसही उरत नाही. स्पेसवर तोडणाऱ्या स्क्रिप्टला मग दोन आकड्यांचा एक विचित्र आकडा दिसतो.

मग माझ्या फाइली ठरलेल्या रुंदीच्या आहेत हे मला आधी का दिसले नाही? कारण त्या तशा दिसत नव्हत्या. संपादकात उघडल्या की तापमानाचा रकाना वेडावाकडा चालायचा. 'धरणमाथा' च्या ओळीत पार उजवीकडे, 'उत्तर टेकडी' च्या ओळीत बराच डावीकडे. असे नागमोडी रकाने पाहून कुणीही म्हणेल की रुंदी ठरलेली नाही. इथेच फसलो.

नोंदी लिहिणारा प्रोग्राम सी भाषेतला होता, आणि सी चे प्रिंटएफ हे छापणारे फंक्शन रुंदी मोजते ती अक्षरांत नाही, बाइटमध्ये, म्हणजे साठवणीच्या एककांत. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटचे. काना, वेलांटी, हलन्त हीही प्रत्येकी तीन बाइटची वेगळी चिन्हे. 'धरणमाथा' मध्ये सात चिन्हे, २१ बाइट. नावाला जागा ३६ बाइट, म्हणून प्रोग्रामने १५ स्पेस भरल्या. 'उत्तर टेकडी' मध्ये दहा चिन्हे आणि एक स्पेस, ३१ बाइट, भरल्या पाच. डोळ्यांना 'धरणमाथा' पाच अक्षरांचे दिसते, म्हणजे नाव आणि भरण मिळून वीस जागा. 'उत्तर टेकडी' जोडाक्षर धरून स्पेससह सात जागांचे, एकूण बारा. आठ जागांचा फरक पडद्यावर, आणि बाइटमध्ये शून्य. (आकडे मी इथे देवनागरीत लिहितोय, फाइलीत ते साधे आस्की, म्हणजे इंग्रजी, आकडे होते, एकेका बाइटचे.)

म्हणून पुढचा प्रयोग बाइटवरच केला. फाइल मजकूर म्हणून न उघडता बाइट म्हणून उघडली आणि ओळींची लांबी मोजली. ३४ फाइलींत, ओळीच्या शेवटाची चिन्हे सोडून, जवळजवळ प्रत्येक ओळ ८४ बाइट. तो आकडा पाहून जे वाटले ते सांगायला नको. ज्या फाइलीतल्या सगळ्या ओळी एकाच लांबीच्या असतात, तिची रुंदी कुणीतरी ठरवलेली असते.

रकान्यांच्या सीमा शोधायला एक जुनी युक्ती आहे. ८४ खुणांची एक पट्टी घ्यायची, सगळ्या कोऱ्या. प्रत्येक ओळ तिच्यावरून फिरवायची. ज्या जागी स्पेस सोडून काहीही असेल ती जागा काळी करायची. सगळ्या ओळी संपल्यावर ज्या जागा कोऱ्या उरतात, त्या रकान्यांमधल्या गल्ल्या. 'उत्तर टेकडी' मधली स्पेस गल्ली ठरत नाही, कारण त्याच जागेवर 'धरणमाथा' चे अक्षर पडते. पण त्यासाठी पट्टी सगळ्या फाइलींवरून फिरवावी लागते. एकाच केंद्राच्या ओळी घेतल्या असत्या तर नावाच्या पोटातही गल्ली निघाली असती. पायथनच्या पांडास या लायब्ररीत ठरलेल्या रुंदीच्या फाइली वाचणारे फंक्शन सीमा स्वतः ओळखते, पण न सांगितल्यास पहिल्या १०० ओळींवरूनच, आणि अक्षरांवर, बाइटवर नाही. माझ्यासाठी दोन्ही गोष्टी गैरसोयीच्या.

गल्ली कोणत्या रकान्याची हे पट्टी सांगत नाही, ते आपण ठरवायचे. आकडे उजवीकडे टेकलेले असतात, म्हणून त्यांच्या डावीकडची रिकामी जागा त्यांचीच. नावे डावीकडे टेकलेली, म्हणून उजवीकडची जागा त्यांची. शेवटी सीमा अशा निघाल्या, शून्यापासून मोजून: तारीख ० ते १०, वेळ ११ ते १६, संकेतांक १७ ते २१, नाव २२ ते ५८, तापमान ५८ ते ६५, आर्द्रता ६५ ते ७०, दाब ७० ते ७८, वारा ७८ ते ८४. शेवटची जागा त्या रकान्यात धरायची नाही, पायथनच्या पद्धतीप्रमाणे.

नवी स्क्रिप्ट जुनीपेक्षा छोटी निघाली, कारण तिच्यात एकही 'असेल तर' नव्हते. ओळ बाइटमध्ये घ्यायची, आठ ठिकाणी कापायची, प्रत्येक तुकड्याच्या कडेचे रिकामेपण काढायचे, आणि मग यूटीएफ-८ म्हणून वाचायचे. क्रम महत्त्वाचा. एकाने सुचवले होते की फाइल लॅटिन-१ या एकेका बाइटच्या जुन्या पद्धतीतली म्हणून उघड, म्हणजे एक बाइट बरोबर एक अक्षर, आणि नेहमीची मजकुराची फंक्शने चालतील. चालतात, पण 'ठ' चा शेवटचा बाइट १६० असतो, आणि लॅटिन-१ मध्ये १६० म्हणजे न तुटणारी स्पेस. नाव 'ठ' वर संपले, तर कडेचे रिकामेपण काढणारे फंक्शन 'ठ' चाच लचका तोडते. बाइटवर चालणारे फंक्शन फक्त आस्कीतले रिकामेपण काढते, त्याला हा मोह नाही.

८४ न भरणाऱ्या ओळी तीन प्रकारच्या निघाल्या. शेवटचा वारा नसलेल्या काही ओळींतल्या टोकाच्या स्पेस कुणीतरी छाटल्या होत्या. त्या उजवीकडे भरून ८४ केल्या. चार फाइलींची फक्त पहिली ओळ ८७ होती: सुरुवातीला बीओएम, यूटीएफ-८ ची तीन बाइटची अदृश्य खूण. तिच्यामुळे ती एकच ओळ तीन बाइट सरकत होती. तिसरा प्रकार दोन आख्ख्या फाइलींचा. त्या कुणीतरी संपादकात उघडून जतन केल्या होत्या आणि संपादकाने स्पेसच्या जागी टॅब घातले होते. टॅब दर आठ जागांनी उलगडून पाहिले, ओळी ८४ वर परत आल्या नाहीत. येणारही नव्हत्या; संपादकाने जागा मोजल्या डोळ्यांच्या, प्रोग्रामने बाइटच्या. अंदाजाने जुळवत बसण्यापेक्षा मूळ प्रती मागवल्या. दोन्ही मिळाल्या, ८४ च्या.

जुने आणि नवे निकाल ओळीला ओळ लावून ताडले. फरक १५२ ओळींत. १४८ अपेक्षित. उरलेल्या चार ओळी पडद्यावर अक्षरशः सारख्या दिसत होत्या, तारीख तीच, आकडे तेच. मग लक्षात आले: बीओएम. जुन्या स्क्रिप्टने तो तारखेला चिकटलेलाच ठेवला होता, कारण पायथनच्या लेखी ते रिकामेपण नाही. चार महिन्यांची पहिली नोंद तारखेवरून शोधली असती तर सापडली नसती. ही चूक मात्र आमच्यापैकी कुणालाच दिसली नव्हती.

देताना दोन गोष्टी उरल्या. सीएसव्ही लिहिण्यासाठी फाइल उघडताना पायथनला ओळतोडीत ढवळाढवळ करू नको म्हणून सांगावे लागते, नाहीतर विंडोजवर प्रत्येक ओळीनंतर एक कोरी ओळ येते. आणि एक्सेल. सहकारी आलेख दुसरीकडे काढते, पण फाइल आधी एक्सेलमध्ये डोळ्यांखालून घालते. एक्सेलच्या अनेक आवृत्त्या बीओएम नसलेली यूटीएफ-८ सीएसव्ही दोनदा टिचकी मारून उघडली की देवनागरीचा चिखल करतात. म्हणून जो बीओएम आत येताना काढला, तोच बाहेर जाताना मुद्दाम घातला. संकेतांकाचे मात्र काही करता आले नाही. ००१७ ला एक्सेल १७ करते, आणि जतन केले की शून्ये कायमची गेली. एक्सेलच्या अशा उपकारांपायी जनुकांची प्रमाण नावे ठरवणाऱ्या समितीने २०२० मध्ये मार्च आणि सेप्ट ने सुरू होणाऱ्या नावांचे नियमच बदलले, कारण त्यांच्या तारखा होत होत्या. मी एवढेच ठरवून घेतले की एक्सेलमध्ये बघायचे, जतन करायचे नाही.

स्क्रिप्टच्या शेवटी तीन तपासण्या ठेवल्या: ओळ ८४ ची नसेल आणि ज्ञात कारण नसेल तर थांब, केंद्रांची वेगळी नावे सातच असली पाहिजेत, आर्द्रतेत टिंब नको. तिसरी वाचून सहकारी हसली.

तीन महिन्यांनी त्याच यंत्रणेची नवी फाइल आली. स्क्रिप्ट पहिल्याच ओळीवर थांबली: ९१ बाइट. पावसाचा नवा रकाना जोडला होता, सात बाइटचा. कुतूहल म्हणून तीच फाइल जुन्या स्क्रिप्टला दिली. तिने नऊ रकाने मोजले, नियमाप्रमाणे चौथा आणि पाचवा जोडला, आणि कुरकुर न करता आठ रकान्यांची सुबक सीएसव्ही लिहून दिली. केंद्राचे नाव: 'धरणमाथा २४.३'.